कायदेमंडळाच्या जुन्या कागदांची उलटतपासणी

आपल्या चळवळीचा इतिहास आपण मुख्यतः तीन ठिकाणांहून घेत आलो आहोत : नेत्यांच्या भाषणांतून, जलशांच्या गाण्यांतून आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणींतून. या तिन्हींचे ऋण मोठे आहे. ज्यांच्या हाती लेखणी येऊ दिली नव्हती त्यांचा इतिहास गाण्यानेच जपला. परंतु चौथी एक जागा आहे आणि तिच्याकडे आपले कार्यकर्ते क्वचितच वळतात. ती जागा म्हणजे कायदेमंडळांची आणि संसदेची जुनी कागदपत्रे : सभागृहातील चर्चांची इतिवृत्ते, प्रश्नोत्तरे, विधेयकांची उद्देश व कारणे, समित्यांचे अहवाल, त्यांच्यापुढे झालेल्या साक्षी आणि ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवलेली हिंदुस्थानविषयक 'ब्लू बुके'.

ही कागदपत्रे रुक्ष आहेत, बहुतेक इंग्रजीत आहेत आणि सरकारी आहेत. सरकारी कागदाविषयी आपल्या मनात संशय असतो आणि तो रास्तच आहे. पण कोर्टात काम करणाऱ्याला हे ठाऊक असते, की संशयित साक्षीदाराला हाकलून लावायचे नसते. त्याला पिंजऱ्यात उभे करून त्याची उलटतपासणी घ्यायची असते. विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराने दिलेली कबुली तर आपल्या दहा साक्षीदारांपेक्षा वजनदार ठरते. आमचे म्हणणे एवढेच आहे, की सत्तेने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या कबुल्या त्या कागदांत पडून आहेत. त्या वाचून काढणे हे चळवळीचे काम आहे, केवळ प्राध्यापकांचे नव्हे.

बाबासाहेबांची रीत

हे काम कसे करावे याचा धडा खुद्द बाबासाहेबांनी घालून दिला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरील १९१५ चा त्यांचा प्रबंध, १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आणि १९२५ चा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ पाहा. त्यांचा पाया सरकारी हिशेब, चौकशी समित्यांचे अहवाल आणि पार्लमेंटची कागदपत्रे हाच आहे. हीच रीत त्यांनी पुढे अस्पृश्यांच्या प्रश्नाला लावली.

२९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला निवेदने सादर केली. मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणावरचे निवेदन आजही प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. त्यात आक्रोश नाही. जुने कागद तारीखवार मांडलेले आहेत. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. मुंबई सरकारने २१ जुलै १८५६ च्या ठरावाने तो फेटाळला. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने त्याच ठरावात मान्य केले; पण एका मुलासाठी शाळा बाकीच्यांना निरुपयोगी होईल, असे कारण पुढे केले. जानेवारी १८५७ मध्ये हिंदुस्थान सरकारने या निर्णयाविषयी नापसंती दाखवली. एप्रिल १८५८ मध्ये लंडनच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सने, सरकारी खर्चाच्या शाळा सर्व वर्गांना भेदभावाविना खुल्या आहेत, असे तत्त्व सांगितले.

तत्त्व तर सांगितले गेले. पुढे काय झाले? बाबासाहेब लगेच १८८२ च्या हंटर कमिशनच्या अहवालातील तक्ता समोर ठेवतात. तत्त्व सांगून चोवीस वर्षे लोटली होती. आणि मुंबई इलाख्यात हायस्कूल व कॉलेज या दोन्ही रकान्यांत खालच्या जातींसमोर शून्य होते. तत्त्वाचा कागद आणि आकड्याचा कागद शेजारी ठेवला, की वेगळ्या आरोपाची गरज उरत नाही.

सभागृहातही त्यांनी हेच केले. फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाल्यावर १२ मार्च १९२७ रोजी ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. त्यानंतर आठवड्याने, १९ मार्चला, ते महाडच्या परिषदेत होते. सभागृहातले आकडे आणि तळ्याचे पाणी ही एकाच लढ्याची दोन टोके आहेत, हे आपण विसरतो.

एका ठरावाचा प्रवास

महाडचेच उदाहरण घेऊ. सत्याग्रहाच्या मुळाशी बोले ठराव होता, एवढे आपल्या प्रत्येक भाषणात येते. पण त्या ठरावाचा कागदोपत्री प्रवास किती जणांनी पाहिला आहे?

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलने संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी ती शिफारस होती. 'शिफारस' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या काळच्या कौन्सिलचा ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता. ठराव म्हणजे कायदा नव्हे, हा फरक सभागृहात हात वर करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होता.

आता दुसरा कागद पाहा. ११ सप्टेंबर १९२३ रोजी मुंबई सरकारने आदेश काढला. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागांपुरती अंमलबजावणी करण्यास खातेप्रमुखांना सांगितले. पण गावची विहीर आणि शहरातले तळे सरकारच्या कचेरीत नसते; ते नगरपालिकेच्या वा लोकल बोर्डाच्या ताब्यात असते. त्यांच्या बाबतीत आदेशाची भाषा एकदम मऊ होते. कलेक्टरांना विनंती करावी, की त्यांनी आपल्या हद्दीतील स्थानिक संस्थांना सल्ला द्यावा, की त्यांनी ही शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करावा. विनंती, सल्ला, विचार! सभागृहाने दिलेला हक्क कचेरीतल्या टेबलावर पाच आठवड्यांत कसा विरघळला, ते या तीन शब्दांत दिसते. कायद्याच्या भाषेची सवय असलेल्या माणसाला दुसरा पुरावा लागत नाही.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून तळे खुले केले, तेही कागदावर. अस्पृश्य माणूस तळ्यावर जाऊ शकत नव्हता. तेव्हा तिसरा कागद येतो. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांनी पुन्हा ठराव आणला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पूर्वीचा ठराव अमलात आणण्यास नकार देतील त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. असा दुसरा ठराव आणावा लागतो, हीच पहिला ठराव वाया गेल्याची सभागृहातील नोंद होय.

मग मार्च १९२७ चा संगर झाला. आणि त्यानंतर महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख आहे ४ ऑगस्ट १९२७. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. डिसेंबर १९२७ मध्ये सनातन्यांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही.

या सर्व तारखा एका ओळीत लावल्या, की महाडचा अर्थ बदलत नाही. तो अधिक पक्का होतो. कोणी म्हणतो, कायदा अनुकूल होता, मग सत्याग्रहाची घाई कशाला? कोणी म्हणतो, शांतपणे वाट पाहिली असती तर पाणी मिळालेच असते. त्यांना उत्तर देण्यास आपल्याला आवाज चढवण्याचे कारण नाही. १९२३ चा ठराव, त्याखालचा सप्टेंबरचा आदेश, १९२६ चा दुसरा ठराव आणि १९२७ ची माघार एवढे चार कागद पुढे ठेवावेत. वाट पाहिल्याने काय मिळाले, ते त्या कागदांतच लिहिले आहे.

मंदिरप्रवेश विधेयकाचे काय झाले?

मागे गेलेल्या विधेयकांत सत्ताधाऱ्यांची आणि पुढाऱ्यांची मने अधिक स्पष्ट दिसतात, असा आमचा अनुभव आहे. पास झालेल्या कायद्याचे श्रेय घेण्यास सर्वजण पुढे येतात. गाडल्या गेलेल्या विधेयकाचा वाली कोणी नसतो.

पुणे करारानंतर मध्यवर्ती कायदेमंडळात सी. एस. रंगा अय्यर यांनी मार्च १९३३ मध्ये मंदिरप्रवेशाचे विधेयक मांडले. त्याच्यामागे राष्ट्रीय पुढाऱ्यांचे बळ उभे असल्याचे चित्र होते. ऑगस्ट १९३४ मध्ये ते मागे घ्यावे लागले. निवडणुका तोंडावर आल्या होत्या आणि मतदार दुखावेल म्हणून पाठिंबा काढून घेण्यात आला. हे कशावरून? रंगा अय्यर यांच्या सभागृहातील भाषणावरून. बाबासाहेबांनी काँग्रेस आणि गांधी यांच्या अस्पृश्यांविषयीच्या कार्याचा पंचनामा करणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात ही कार्यवाही उद्धृत केली आहे. त्यांनी स्वतः त्या विधेयकाला पाठिंबा दिला नव्हता, कारण अस्पृश्यता हे पाप आहे असे त्यात कुठेच म्हटलेले नव्हते. तरीही त्या विधेयकाचे काय झाले याची नोंद त्यांनी काळजीपूर्वक ठेवली. विरोधकांच्या कागदाचेही जतन करावे लागते.

वतनाचे तीस वर्षे रखडलेले उत्तर

हे सारे जुने झाले, आता त्याचा उपयोग काय, असे तरुण मित्र विचारतात. आमच्याकडे येणाऱ्या महार वतनाच्या जमिनींच्या पक्षकारांकडे पाहा. सातबारावर 'नवीन अविभाज्य शर्त' असा शेरा असतो. आजोबांच्या काळात कोणीतरी कमी पैशात सही घेतलेली असते. ही शर्त कुठून आली, हे त्या कुटुंबात कोणालाच ठाऊक नसते.

१९ मार्च १९२८ रोजी, म्हणजे महाड परिषदेनंतर बरोबर वर्षाने, बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई कौन्सिलमध्ये मांडले. महाराला चोवीस तास राबवून घ्यायचे, मोबदला मात्र गावाच्या मर्जीवरच्या बलुत्यावर सोडायचा, ही त्यांची मूळ तक्रार होती. ज्याला वतनाच्या नोकरीतून मुक्त व्हायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, कामे नेमकी ठरावीत आणि बलुत्याच्या जागी रोख मोबदला यावा, असा त्या विधेयकाचा रोख होता. ते प्रवर समितीकडे गेले, तेथून इतके मोडतोड होऊन बाहेर आले, की १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले.

कनिष्ठ गावकामगारांची वतने अखेर १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. जमिनी सरकारजमा होऊन धारकांना पुन्हा दिल्या गेल्या. पण कलेक्टरच्या परवानगीविना हस्तांतर करता येणार नाही, अशा शर्तीवर. ही शर्त त्या कुटुंबांच्या जमिनी टिकाव्यात म्हणून होती. १९२८ चे भाषण, प्रवर समितीचे कागद आणि १९५८ च्या विधेयकाचे उद्देश व कारणांचे निवेदन एकत्र वाचले, म्हणजे ही जमीन कोणाच्या कृपेने मिळालेली नाही, ती पिढ्यांच्या वेठीची भरपाई आहे, हे लक्षात येते. बिल्डरचा दलाल दारात आल्यावर ज्या घराला हे ठाऊक आहे ते घर सही करण्यापूर्वी दहादा विचार करते.

संदर्भ तोडलेली वाक्ये

आता एका गंभीर दुखण्याकडे वळू. आज मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने रोज नवी वाक्ये फिरतात. काही पूर्ण बनावट, काही अर्धी तोडलेली. आपलेच लोक ती हौसेने पुढे पाठवतात आणि विरोधकही त्याच मार्गाने आपला माल खपवतात.

राज्यघटना जाळण्याविषयीचे विधान हे त्याचे ठळक उदाहरण. विरोधक ते घटनेविरुद्ध वापरतात. आपल्यातील काहीजण तर बाबासाहेब असे बोललेच नाहीत, असे सांगून मोकळे होतात. दोघांनाही कागद खोटे ठरवतो. राज्यसभेत २ सप्टेंबर १९५३ रोजी आंध्र राज्याच्या विधेयकावरील चर्चेत ते तसे बोलले. विषय होता अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा : भाषावार राज्यांत एखादी मोठी जात सर्व सत्ता बळकावील तेव्हा लहान समाजांचे काय, हा. पुढे १९ मार्च १९५५ रोजी चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत त्यांना या विधानाची आठवण करून देण्यात आली आणि त्यांनी खुलासा केला. देवासाठी मंदिर बांधावे आणि देवाची स्थापना होण्याआधीच सैतानाने ते बळकवावे, अशा आशयाचा तो दृष्टांत होता. त्यांचा राग मंदिर बळकावणाऱ्यांवर होता. दोन्ही दिवसांची कार्यवाही वाचल्याविना यावर बोलणारा माणूस, तो आपला असो वा परका, निम्मेच बोलतो.

न्यायालयेही हे कागद वाचतात, हे विसरू नये. घटना समितीत ३० नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी नोकऱ्यांतील राखीव जागांविषयी भाषण केले. त्यात राखीव जागा अल्पसंख्येपुरत्या असाव्यात, अन्यथा समान संधीचे तत्त्व नाहीसे होईल, हा मुद्दा आहे. आणि मागास समाज कोणता, हे ठरवण्याचे काम त्या त्या सरकारवर सोपवले आहे, हाही मुद्दा आहे. १९९२ च्या मंडल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या भाषणाचा आधार घेतला आणि पन्नास टक्क्यांच्या मर्यादेच्या चर्चेत ते तेव्हापासून सतत येत राहिले. भाषणातील पहिला भाग सर्वांना पाठ आहे. दुसरा भाग आपण वाचला नाही तर तो न्यायालयापुढे कोण मांडणार?

कागद जे सांगत नाहीत

या कागदांची भक्ती मात्र करू नये. ब्रिटिशांच्या ब्लू बुकांत ब्रिटिश अधिकारी नेहमी दयाळू आणि हिंदी समाज नेहमी मागास दिसतो. ज्या अधिकाऱ्याने धारवाडच्या मुलाला परत पाठवले तोही आपण न्यायप्रिय आहोत, असेच लिहितो. ठरावात तो मुलगा 'महार अर्जदार' एवढाच उरतो. त्याच्या आईने त्या रात्री काय म्हटले, हे कोणत्याही पार्लमेंटपुढे ठेवले गेले नाही.

आपल्या स्त्रिया तर या कागदांत फारच थोड्या भेटतात. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेला पाठिंबा देणारे भाषण केले. पुढच्या वर्षी तसा कायदा झाला. चर्चेत त्या स्त्रियांचा प्रश्न आहे, त्यांचा आवाज नाही. म्हणून सभागृहाच्या कागदाशेजारी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' ठेवावा लागतो, जलशाचे गाणे ठेवावे लागते आणि घरातल्या म्हातारीची आठवणही. एकट्या साक्षीवर निकाल देऊ नये, हा नियम येथेही लागू आहे.

सुरुवात कोठून करावी

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या खंडांपासून सुरुवात करावी. दुसऱ्या खंडात मुंबई कायदेमंडळ, सायमन कमिशन आणि गोलमेज परिषद आहे, दहाव्यात मजूरमंत्री म्हणून केलेले काम, तेराव्यात घटना समिती, चौदाव्यात हिंदू कोड बिल, पंधराव्यात संसद. हे खंड अनेक विहारांत कपाटात आहेत; जयंतीला त्यांना हार घातला जातो. हार काढून खंड उघडावेत. घटना समितीच्या आणि लोकसभेच्या चर्चा आता संगणकावर मोफत वाचता येतात; ब्रिटिश पार्लमेंटच्या जुन्या चर्चाही. विधिमंडळाचे ग्रंथालय आणि मुंबईचे राज्य पुराभिलेखागार या जागा वकील आणि विद्यार्थी कार्यकर्त्यांना परक्या वाटता कामा नयेत.

वाचताना पाच प्रश्न विचारावेत. प्रश्न कोणी विचारला? उत्तर कोणी दिले? उत्तरात कोणता भाग टाळला? मतविभागणीत कोण कोणाबरोबर गेले? आणि दिलेल्या आश्वासनाचे पुढच्या अधिवेशनात काय झाले? पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सरकार नेहमी त्यावरच अडखळते.

प्रत्येक तालुक्यातील दोन-तीन शिकलेल्या मुलामुलींनी एकच विषय घ्यावा. आपल्या जिल्ह्यातील शिष्यवृत्तीची थकबाकी, अनुसूचित जातींच्या योजनांचा अखर्चित वा वळवलेला निधी, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटले किंवा वतन जमिनी, यांपैकी काहीही. त्यावर विधिमंडळात आणि संसदेत आजवर काय विचारले गेले आणि काय उत्तरे दिली गेली, ते तारीखवार एका वहीत उतरवावे. जे सभागृहात आले नाही ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागावे. इंग्रजी अडत असेल तर विहारात एकत्र बसून वाचावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने अर्थ सांगावा, तिसऱ्याने लिहावे.

मोर्चात घोषणा देणे आवश्यकच आहे. पण निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत जाणाऱ्या शिष्टमंडळाच्या हाती सरकारनेच कोणत्या तारखेला काय कबूल केले होते, त्याची नक्कल असली पाहिजे. १९२८ साली सायमन कमिशनपुढे निवेदन मांडताना बाबासाहेबांच्या हाती १८५६ चा कागद होता. उद्या आपल्या मुलांनी सत्तेला जाब विचारावा असे वाटत असेल, तर त्यांच्या हाती आजचा कागद ठेवण्याचे काम आपले आहे.